विश्लेषण : ढग हटण्याची वाट पाहत आठ धूमकेतू शोधणाऱ्या कॅरोलिन हर्शल कोण होत्या?

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ययाती तारकासमूहातून होणारा उल्कावर्षाव दरवर्षी बातम्यांत गाजतो आणि महाराष्ट्रात तो बहुतेक वेळा ढगांच्या वर होऊन जातो. मुंबई-पुण्यात ढग नसले तरी दिव्यांचा उजेड असतोच. अशा वेळी हौशी आकाशनिरीक्षक ज्या एका व्यक्तीची आठवण काढू शकतात, ती म्हणजे कॅरोलिन हर्शल (१७५०-१८४८). युरेनसचा शोध लावणारे विल्यम हर्शल यांची बहीण एवढीच त्यांची ओळख अनेकांना असते. इंग्लंडच्या दमट, सतत झाकोळलेल्या आकाशाखाली, आजच्या नवशिक्याच्या दुर्बिणीएवढ्या दुर्बिणीतून त्यांनी आठ धूमकेतू टिपले. त्यातल्या पहिल्याचे भवितव्य तर एका पावसाळी रात्रीवर लटकले होते.

२ ऑगस्ट १७८६ च्या रात्री काय झाले?

विल्यम त्या वेळी घरी नव्हते. राजे तिसरे जॉर्ज यांनी गॉटिंगेनला भेट दिलेली दुर्बीण पोहोचवायला ते जर्मनीला गेले होते. लंडनच्या पश्चिमेला स्लाव येथील घर, तिथले कामगार आणि तेजोमेघांच्या नोंदींची अपुरी यादी हे सगळे ३६ वर्षांच्या कॅरोलिन यांच्यावर सोपवलेले. दिवसा नोंदींची आकडेमोड आणि रात्री आभाळ मोकळे असेल तर स्वतःची छोटी दुर्बीण, असा त्यांचा क्रम होता.

१ ऑगस्टच्या रात्री सप्तर्षी आणि अरुंधती केश यांच्या दरम्यान त्यांना एक धूसर ठिपका दिसला. आजूबाजूचे तारे टोकदार होते, हा मात्र फोकस बिघडल्यासारखा. जुन्या नोंदींत त्या जागी असे काही नव्हते. धूमकेतूचा संशय आला, पण संशयाला किंमत नसते. तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दूरचा धूमकेतू हे तिन्ही छोट्या दुर्बिणीत सारखेच दिसतात. फरक एवढाच, की धूमकेतू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सरकतो. म्हणजे दुसऱ्या रात्री पुन्हा पाहिल्याशिवाय काहीच सांगता येत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर पाऊस लागला.

आजच्या भाषेत हा डेटाचा प्रश्न होता. एक बिंदू हाती आहे, रेषा काढायला दुसरा हवा. तो मिळेपर्यंत पॅरिसमध्ये कुणाला तोच ठिपका दिसला तर शोध त्याचा. ढग आठवडाभर राहिले तर धूमकेतू कुठल्या कुठे गेलेला असणार. कॅरोलिन यांनी त्या दिवशी दीडशे तेजोमेघांची गणिते उरकली आणि आभाळाकडे डोळे लावून बसल्या. रात्री उशिरा ढग जरा विरळ झाले. एकच्या सुमारास ठिपका सापडला. तो जागेवरून हलला होता.

त्या झोपल्या नाहीत. आधी रॉयल सोसायटीचे सचिव चार्ल्स ब्लॅग्डेन आणि खगोलप्रेमी अलेक्झांडर ऑबर्ट यांना पत्रे लिहिली, मग अंथरूण गाठले. ६ ऑगस्टला ब्लॅग्डेन, सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स आणि लॉर्ड पामर्स्टन असे तिघे धूमकेतू पाहायला थेट स्लावला आले. कॅरोलिन यांचे पत्र सोसायटीत वाचले गेले आणि तिच्या नियतकालिकात छापले गेले. त्या सोसायटीत तेव्हा स्त्रियांना सदस्यत्व नव्हते, आणि ते मिळायला १९४५ साल उजाडावे लागले.

घरकामासाठी ठेवलेली मुलगी इथवर कशी पोहोचली?

१६ मार्च १७५० रोजी हॅनोव्हरमध्ये कॅरोलिन यांचा जन्म झाला. वडील आयझॅक लष्करी बँडमध्ये ओबो वाजवत. लहानपणी देवी आल्या, चेहऱ्यावर व्रण राहिले. पुढे टायफसच्या तापाने वाढच खुंटली. उंची सव्वाचार फुटांच्या पुढे गेली नाही. हिचे लग्न होणार नाही, तेव्हा ही घरात राबेल, असा आईचा हिशेब होता. मुलीला लिहिता-वाचता आले तेवढे पुरे, याउपर शिक्षण नको, यावर आई ठाम होती. वडील अधूनमधून चोरून व्हायोलिन शिकवत. थंडीतल्या एका स्वच्छ रात्री त्यांनी मुलीला रस्त्यावर नेऊन तारकासमूह आणि तेव्हा दिसत असलेला एक धूमकेतू दाखवला होता.

वडील १७६७ मध्ये गेले. पाच वर्षांनी विल्यम यांनी बहिणीला इंग्लंडला नेण्याची तयारी दाखवली. ते बाथ शहरात संगीतकार म्हणून नाव कमावत होते. आईने परवानगी दिली ती विल्यम यांनी मोलकरणीचा पगार भरण्याचे कबूल केल्यावरच. मुलगी गेली, बदली माणूस आला. हा व्यवहार आज वाचताना अंगावर येतो.

बाथमध्ये कॅरोलिन गाणे शिकल्या आणि चांगल्या गायल्या. हँडेलच्या ओरॅटोरिओंमध्ये त्या प्रमुख गायिका झाल्या. बर्मिंगहॅमच्या संगीत महोत्सवाचे आमंत्रणही आले. भाऊ सोडून दुसऱ्या कुणाच्या संचालनाखाली गायचे नाही म्हणून त्यांनी ते नाकारले. याच सुमारास भावाला मात्र दुर्बिणींचे वेड लागले होते. घराचा कारखाना झाला. विल्यम आरसा घासायला बसले, की तासन्‌तास हात उचलता येत नसे, एकदा तर सोळा तास. तेव्हा कॅरोलिन त्यांना घास भरवत. वितळलेला धातू ओतायचे साचे घोड्याच्या लिदीचे असत. ते तयार करायला लीद कुटणे आणि चाळणे हेही कॅरोलिन यांच्या वाट्याला आले. १७८१ मध्ये मोठ्या आरशाचे ओतकाम चालू असताना साचा गळू लागला. तापलेल्या धातूने फरशा तडकून तुकडे छतापर्यंत उडाले. कुणाला दुखापत झाली नाही, हे नशीब.

त्याच वर्षी १३ मार्चला विल्यम यांनी घरामागच्या बागेतून युरेनस शोधला. राजाने वर्षाला २०० पौंड लावून दिले आणि १७८२ मध्ये भावंडे संगीत सोडून विंडसरजवळच्या डॅचेटला राहायला गेली. कॅरोलिन यांना याबद्दल विचारले गेले नव्हते. गाण्याचे नाव होत असताना त्यांना दुसऱ्याच कामाला जुंपले गेले. सुरुवातीची नाराजी त्यांनी आठवणींत लपवलेली नाही.

दुर्बीण किती मोठी होती?

विल्यम यांनी बहिणीसाठी १७८३ मध्ये एक छोटी परावर्ती दुर्बीण बनवली. आरसा ४.२ इंचांचा, नाभीय अंतर २७ इंच, वर्धन वीस-तीस पटींच्या आसपास. आज नवखे हौशी निरीक्षक साडेचार इंची दुर्बीण घेतात, ती आरशाच्या आकारात हिच्यापेक्षा किंचित मोठीच. शिवाय कॅरोलिन यांचा आरसा तांबे आणि कथिलाच्या मिश्रधातूचा होता. तो आजच्या ॲल्युमिनियमच्या लेपापेक्षा बराच कमी प्रकाश परावर्तित करी आणि दमट हवेत लवकर काळवंडे.

या दुर्बिणीचे बळ होते तिच्या रुंद दृष्टिक्षेत्रात. एका वेळी दोन अंशांहून थोडे अधिक आकाश दिसे, म्हणजे पूर्ण चंद्राच्या चौपट रुंदी. नळी एका बाजूने हळूहळू वर-खाली न्यायची, पट्टा संपला की थोडी सरकवून पुढचा पट्टा घ्यायचा. झाडू मारल्यासारखे आकाश पिंजून काढायचे. ढगांत तासाभराची फट मिळाली तरी बरेच क्षेत्र हातून जाई. ४० फुटी दुर्बिणीला हे जमत नाही. तिला वळवून जागेवर आणेपर्यंत फट बुजलेली असते.

२६ फेब्रुवारी १७८३ या एकाच रात्री त्यांनी दोन तारकागुच्छ टिपले. एक मेसिए यांनी आधी पाहिलेला (एम ९३), दुसरा नवा. सप्टेंबरमध्ये शिल्पकार तारकासमूहातली एक मोठी दीर्घिका सापडली. या छोट्या दुर्बिणीला एवढे मिळते, तर मोठ्या दुर्बिणीला किती मिळेल, या विचाराने विल्यम यांनी वीस फुटी दुर्बिणीने पद्धतशीर शोध सुरू केला आणि कॅरोलिन यांची स्वतःची निरीक्षणे मागे पडली. त्या पुन्हा मदतनीस झाल्या.

मदतनीसाचे नेमके काम काय होते?

अंधाराला सरावलेला डोळा हे निरीक्षकाचे खरे उपकरण. सराव व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि दिव्याकडे एकदा पाहिले, की सगळे पुन्हा पहिल्यापासून. शहरात राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. विल्यम शिडीवरच्या अंधारात राहून दिसेल ते ओरडून सांगत. कॅरोलिन खिडकीशी दिवा, घड्याळ आणि तारकासूची घेऊन बसत, वेळ आणि दुर्बिणीचा कोन टिपून घेत. सकाळी त्यावरून प्रत्येक वस्तूचे स्थान काढून स्वच्छ प्रत करत. हिवाळ्यात दौतीतली शाई गोठे. थेम्सकाठच्या दमट हवेत हिवताप होऊ नये म्हणून विल्यम अंगाला कच्चा कांदा चोळत.

३१ डिसेंबर १७८३ ची रात्र ढगाळ होती. दहाच्या सुमारास काही तारे दिसू लागले आणि एकच धावपळ उडाली. जमिनीवर फूटभर बर्फ होते. दुर्बिणीच्या दुसऱ्या टोकाकडे धावताना कॅरोलिन घसरल्या आणि यंत्राचा मोठा लोखंडी आकडा त्यांच्या मांडीत घुसला. सोडवून घेताना मांसाचा तुकडा आकड्यालाच राहिला. पुढचे काही आठवडे जखमेने छळले. त्यांना समाधान एकाच गोष्टीचे होते. उरलेली रात्र ढगाळच राहिली, त्यामुळे भावाच्या निरीक्षणाचे नुकसान झाले नाही. यात त्यागाचे कौतुक करावे, की बहिणीच्या जखमेपेक्षा निरीक्षणाची रात्र मोलाची मानणाऱ्या त्या घराबद्दल चीड यावी, हे ज्याने त्याने ठरवावे.

या जोडीने विल्यम यांच्या नावावर सुमारे अडीच हजार तेजोमेघ आणि तारकागुच्छांची सूची केली.

पन्नास पौंडांचे महत्त्व काय?

पहिल्या धूमकेतूनंतर वर्षभराने, १७८७ मध्ये, राजाने कॅरोलिन यांना भावाच्या मदतनीस म्हणून वर्षाला ५० पौंड मंजूर केले. विल्यम यांच्या रकमेचा हा चौथा हिस्सा. पण वैज्ञानिक कामासाठी नियमित पगार मिळवणाऱ्या इंग्लंडमधल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पहिला हप्ता साडेबारा पौंडांचा होता. वयाच्या ३७ व्या वर्षी पहिल्यांदाच मनासारखे खर्च करता येतील असे पैसे त्यांच्या हाती आले.

पुढच्याच वर्षी विल्यम यांचे लग्न झाले. घराचा कारभार वहिनीकडे गेला, कॅरोलिन वेगळ्या खोल्यांत राहू लागल्या. त्यानंतरच्या दहा वर्षांच्या डायऱ्या त्यांनी पुढे स्वतःच नष्ट केल्या. धूमकेतू मात्र याच काळात सापडत गेले : १७८८, १७९० मध्ये दोन, १७९१, १७९२, १७९५ आणि १७९७. यातल्या काहींवर इतरांचीही नजर पडली होती. शेवटचा तर नुसत्या डोळ्यांनी दिसला. त्या वेळी पत्रावर विसंबण्याऐवजी त्या जेमतेम तासभर झोपून घोड्यावर बसल्या आणि ग्रीनिच वेधशाळेत जाऊन शाही खगोलशास्त्रज्ञ मॅस्केलिन यांना स्वतः वर्दी दिली. पुढच्याच वर्षी, १७९८ मध्ये, फ्लॅमस्टीड यांच्या तारकासूचीची त्यांनी केलेली अनुक्रमणिका रॉयल सोसायटीने छापली. त्या सूचीतून सुटलेले सुमारे ५६० तारे त्यांनी शोधून काढले होते.

उत्तरायुष्यात आकाश का दुरावले?

विल्यम १८२२ मध्ये गेले. ७२ वर्षांच्या कॅरोलिन यांनी घाईने हॅनोव्हरला परतण्याचा निर्णय घेतला आणि त्याचा त्यांना लवकरच पश्चात्ताप झाला. समोरच्या घरांची उंच छपरे आकाश अडवत होती. हॅनोव्हर हे युरोपच्या मुख्य भूमीवर रस्त्यांवर गॅसचे दिवे लावणाऱ्या पहिल्या शहरांपैकी एक, आणि हे दिवे आले १८२६ च्या सुमारास. म्हणजे त्या तिथे राहत असतानाच.

दुर्बिणीचे काम संपले, टेबलावरचे चालू राहिले. पुतणे जॉन हर्शल यांना सगळे तेजोमेघ पुन्हा तपासायचे होते. त्यांच्यासाठी कॅरोलिन यांनी भावाची पूर्ण सूची आकाशातल्या पट्ट्यांनुसार नव्याने मांडून दिली. या कामासाठी १८२८ मध्ये रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. त्यानंतर हे पदक एखाद्या स्त्रीला मिळायला १९९६ उजाडले, त्या होत्या व्हेरा रुबिन. १८३५ मध्ये सोसायटीने कॅरोलिन आणि मेरी सॉमरव्हिल यांना मानद सदस्य केले.

९ जानेवारी १८४८ रोजी, ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे शवपेटीत विल्यम यांच्या केसांची बट आणि वडिलांनी वापरलेले एक जुने पंचांग ठेवले गेले.

त्यांनी शोधलेले आज काय पाहता येते?

फेब्रुवारीत सापडलेला तो नवा तारकागुच्छ म्हणजे एनजीसी २३६०. हिवाळ्यात रात्री व्याधाचा तारा शोधावा आणि त्याच्या पूर्वेला साधारण आठ अंश सरकावे. हात ताठ करून धरलेली मूठ दहा अंशांची असते, त्या अंदाजाने. शहराच्या उजेडात तो नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. शहराबाहेर साध्या द्विनेत्रीतून धूसर डाग म्हणून आणि चार इंची दुर्बिणीतून ताऱ्यांचा चुरा म्हणून तो दिसतो. शर्मिष्ठेतला एनजीसी ७७८९ हौशी मंडळींत ‘कॅरोलिनचा गुलाब’ म्हणून ओळखला जातो.

धूमकेतूंपैकी १७९५ चा आज एन्के यांच्या नावाने ओळखला जातो. तो सुमारे ३.३ वर्षांनी परततो हे एन्के यांनी गणिताने दाखवले, म्हणून नाव त्यांचे. १७८८ चा मात्र हर्शल-रिगोले या नावाने ओळखला जातो. दीडशे वर्षे तो कुणाला दिसला नव्हता, १९३९ मध्ये पुन्हा सापडला. त्याची पुढची फेरी २०९२ मध्ये आहे.