कर्मवीर भाऊराव पाटील

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊरावांचा जन्म झाला. परीक्षांत त्यांनी फारसे नाव मिळविले नाही. परंतु कोल्हापुरास शिकत असताना राजर्षी शाहू छत्रपतींचे कार्य त्यांनी जवळून पाहिले. पुढे किर्लोस्करांच्या कारखान्यातील लोखंडी नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्यांच्या घरचे दारिद्र्य आणि अज्ञान त्यांना तेव्हा उघड्या डोळ्यांनी दिसले.

१९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. पुष्कळांनी नाके मुरडली.

मुले गरीब होती, तरी त्यांनी शिक्षण दान म्हणून घ्यावे, हे भाऊरावांना मान्य नव्हते. म्हणून मुले स्वतः स्वयंपाक करीत आणि जमिनीत राबत. ओसाड जमीन कुदळीने खणावी, ढेकळे फोडावी, दगड वेचावे, पाटीने शेणखत आणून पसरावे आणि मग वाफे बांधावे. वाफा करणे दिसते तितके सोपे नाही, बरे का! जमीन सपाट नसेल, तर पाणी एका कोपऱ्यात तुंबते आणि दुसरीकडची रोपे सुकून जातात. खोरे हाती धरताना कोणाची जात विचारली जात नसे.

तथापि श्रमाने सारेच भागत नसे. एकदा वसतिगृहात धान्य उरले नाही आणि हाती पैसाही नव्हता. तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्रही काढून दिले. अंगावरचे इतर दागिने तर आधीच मुलांच्या अन्नासाठी गेले होते. या माउलीचे १९३० साली निधन झाले. संस्थेचा विस्तार पाहणे तिच्या नशिबी नव्हते.

भाऊराव मात्र थांबले नाहीत. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव यांच्या नावाने विद्यालय निघाले. तेथे मुलांनी कष्ट करावे आणि फी न देता शिकावे, अशी व्यवस्था होती. १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय उघडले आणि 'कमवा व शिका' ही रीत महाविद्यालयातही पोहोचली. खेड्यातून आलेला मुलगा आता हाती खोरे धरून पदवीपर्यंत जाऊ शकत होता.

जनतेने भाऊरावांना कर्मवीर म्हटले. १९५९ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.