लेडी एडा लव्हलेस

संगणकाच्या काळ्या पडद्यावर दोनचार ओळींची आज्ञावली लिहूं लागलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस या विदुषीची ओळख असावी असें आम्हांस वाटतें. कवि लॉर्ड बायरन यांची ही कन्या १० डिसेंबर १८१५ रोजीं लंडन येथें जन्मली. मातेनें तिला हौसेनें गणित शिकविलें. १८३३ सालीं चार्लस बॅबेज यांचा परिचय झाला, आणि पुढें त्यांच्या नियोजित गणनयंत्राचा तिला ध्यासच लागला.

त्या यंत्रावरील मेनाब्रेआ यांच्या फ्रेंच निबंधाचें भाषांतर एडाबाईंनीं १८४३ मध्यें प्रसिद्ध केलें व त्यास मूळ निबंधाच्या सुमारें तिप्पट टीपा जोडल्या. शेवटच्या टीपेंत बर्नूली संख्या काढण्याच्या २५ क्रिया कोष्टकरूपानें क्रमवार मांडल्या आहेत: कोणती संख्या कोठें ठेवावी, कशास कशानें भागावें, कोणत्या क्रिया पुनःपुन्हां कराव्या. यंत्र सांगितलें तेवढेंच करतें, हें त्यांनीं तेव्हांच ओळखलें होतें. आणि नवल हें कीं, तें यंत्र अस्तित्वांतच नव्हतें! आमच्या मुलांची चूक पडदा तत्काळ दाखवितो. बाईंस ही सोय कोठली? छापील कोष्टकांत चौथ्या क्रियेचे भाज्य व भाजक उलटे पडले आहेत. यंत्र असतें तर हा दोष पहिल्याच फेरीस उघडा पडता.

२७ नोव्हेंबर १८५२ रोजीं, अवघ्या ३६ वर्षांच्या असतां, एडाबाई निवर्तल्या. यंत्र तोंवर पुरें झालें नव्हतें. बॅबेज यांच्या हयातींत पुढेंही झालें नाहीं.