बर्था बेंझ : गाडी चालवणारी आणि वाटेत दुरुस्तही करणारी



साधी यंत्रे हा घटक शिकवताना आपण विहिरीवरची कप्पी सांगतो. मोटारीच्या इंजिनातही कप्प्या असतात, तिथे त्यांना पुली म्हणतात. हा घटक घेताना मुलांना सांगता येईल असं एक चरित्र आज देत आहे.

बर्था यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतल्या फोर्झहाइम गावी झाला. घर सधन होतं, वडील बांधकाम व्यवसायात होते. पुन्हा मुलगीच झाली अशी खंत त्यांनी घरच्या बायबलमध्ये लिहून ठेवली होती, असं सांगतात. पुढे बर्थाची ओळख कार्ल बेंझ या तरुण इंजिनिअरशी झाली. हात कुशल, पण खिसा रिकामा! कार्ल यांनी १८७१ मध्ये मॅनहाइम शहरात भागीदारीत कारखाना काढला. भागीदाराशी काही जमेना. तेव्हा बर्था यांनी लग्नात मिळणारा हुंडा वडिलांकडून आधीच मागून घेतला आणि त्यातून भागीदाराचा हिस्सा विकत घेतला गेला. १८७२ मध्ये दोघांचं लग्न झालं.

२९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल यांनी आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. कागदावर बर्थाबाईंचं नाव नव्हतं. त्यामागच्या बर्थाबाईंच्या पैशाची नोंद तिथे नव्हती.

त्या गाडीची रचना मुलांना फळ्यावर जरूर काढून दाखवा. मागे एक सिलिंडरचं इंजिन. इंजिनाची गती एका पट्ट्याने आडव्या दांड्यावरच्या पुलीला मिळायची आणि तिथून साखळ्यांनी मागच्या दोन चाकांना. दांड्यावर शेजारी शेजारी दोन पुल्या होत्या. एक दांड्याला घट्ट बसवलेली, दुसरी मोकळी फिरणारी. पट्टा मोकळ्या पुलीवर असला की इंजिन चालू, पण गाडी जागेवरच. दांडी ओढून पट्टा घट्ट पुलीवर सरकवला की गाडी निघाली. म्हणजे नुसती फिरणारी पुली सुद्धा बिनकामाची नव्हती!

गाडी तयार झाली, पण गिऱ्हाईक येईना. लोकांना भरवसा वाटेना. मग ऑगस्ट १८८८ मध्ये बर्थाबाईंनी एक धाडस केलं. पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड या मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्या गाडीने माहेरी फोर्झहाइमला निघाल्या. अंतर साधारण शंभर किलोमीटर. त्याआधी मोटारीने इतका लांबचा प्रवास कोणीच केला नव्हता.

वाटेत अडचणी येतच गेल्या. इंधन संपलं, तर वीसलॉख गावातल्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन हे साफसफाईला वापरलं जाणारं द्रव्य विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. साखळी लोहाराकडून दुरुस्त करून घेतली. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. इंजिन थंड ठेवायला पुन्हा पुन्हा पाणी भरलं. चढावर गाडी दमली की मुलं खाली उतरून ढकलायची. संध्याकाळी पोचल्यावर कार्ल यांना तार गेली. या प्रवासानंतर गाडीला चढासाठी वेगळा गिअर देण्यात आला. चालवणारीनेच उणीव शोधली होती ना!

आता आजच्या गाडीकडे या. बॉनेट उघडा, इंजिनाच्या एका बाजूला रबरी पट्टा दिसेल. त्याच्या वाटेवर एक आयडलर पुली असते. ती स्वतः कोणतंही यंत्र चालवत नाही, फक्त पट्ट्याला योग्य वाटेने वळवते. तिच्या पोटात बेअरिंग असतं. त्यातलं वंगण संपलं, धूळ गेली की आधी किरकिर ऐकू येते, मग पुली डुगडुगते. दुर्लक्ष केलं तर बेअरिंग जाम होऊन पट्टा तुटतो.

दुरुस्ती तशी साधी आहे. इंजिन बंद करून थंड होऊ द्यायचं. पट्ट्याची वाट कागदावर काढून ठेवायची. ताण देणारी पुली पान्याने सैल करून पट्टा काढायचा. आयडलर हाताने फिरवून बघायची. खरखर लागली किंवा हलली तर बोल्ट काढून नवी बसवायची. पट्टा पुन्हा नीट खाचांत बसला ना, हे तपासायचं. मुलांना हे मेकॅनिकजवळ उभं करून दाखवा. चालू इंजिनाजवळ मात्र हात नको.

कार्ल १९२९ मध्ये गेले. बर्थाबाईंना त्यांच्या ९५ व्या वाढदिवशी कार्ल्सरूहच्या तंत्र विद्यापीठाने मानद सिनेटर केलं. हे तेच ठिकाण, जिथे कार्ल शिकले होते. दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, लाडेनबुर्ग येथे त्यांचं निधन झालं.

घरात काही बिघडलं की आपण पाना आणायला मुलाला हाक मारतो आणि मुलीला चहा ठेवायला सांगतो. पुढच्या वेळी पाना मुलीच्या हातात देऊन बघा. आणि पाठ संपल्यावर वर्गाला एक प्रश्न विचारा : बर्थाबाईंच्या गाडीतली मोकळी पुली आणि आजची आयडलर पुली, यांत सारखं काय आणि वेगळं काय? उत्तरं वहीत आकृतीसह लिहून घ्या.