विश्लेषण : ‘लंडनहून मराठी’ ऐकू येत होते, त्यामागच्या कोल्हापूरच्या वेणू चितळे कोण होत्या?

बीबीसीची मराठी सेवा 2 ऑक्टोबर 2017 रोजी सुरू झाली, असे आज बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तो दुसरा डाव होता. बीबीसीचे मराठी प्रसारण पहिल्यांदा सुरू झाले 1 मार्च 1942 रोजी, ऐन दुसऱ्या महायुद्धात, आणि तेही शॉर्टवेव्हवरून. त्या काळात लंडनच्या मायक्रोफोनसमोर बसणाऱ्यांमध्ये कोल्हापूरच्या मातीतली एक तिशीतली स्त्री होती. तिचे नाव वेणू दत्तात्रेय चितळे.

शिरोळहून लंडनपर्यंत...

वेणू चितळे यांचा जन्म 28 डिसेंबर 1912 चा, कोल्हापूर परिसरातल्या शिरोळचा. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले आणि थोरल्या भावंडांनी त्यांना वाढवले. पुण्याची हुजूरपागा, मग मुंबईत शाळा आणि विल्सन कॉलेज असे शिक्षण झाले. एका शिक्षिकेने त्यांच्यातली चमक ओळखली आणि 1934 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. मुलींनी मॅट्रिक होणे हीच बातमी असण्याचा तो काळ. लंडनमध्ये त्यांनी माँटेसरी पद्धतीच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम केला. 1939 मध्ये युद्ध भडकले तेव्हा त्या ऑक्सफर्डला शिकत होत्या. परत फिरणे सोपे नव्हते. 1940 मध्ये त्या बीबीसीत दाखल झाल्या.

लंडनवर तेव्हा रात्री बॉम्ब पडत होते. 15 ऑक्टोबर 1940 रोजी खुद्द ब्रॉडकास्टिंग हाऊसवर बॉम्ब पडला, सात कर्मचारी गेले आणि रात्री नऊच्या बातम्या मात्र चालूच राहिल्या. अशा शहरात रोज कामावर जायचे, हीच नोकरीची पहिली अट होती.

शॉर्टवेव्हच का?

मुंबई आकाशवाणीच्या मध्यम लहरी जमिनीला धरून जातात. दिवसा काही अंतरानंतर त्या विरतात. शॉर्टवेव्हचे तसे नाही. या लहरी वर जातात, वातावरणाच्या वरच्या थरातल्या विद्युतभारित कणांवर आपटून परत खाली येतात, जमिनीवरून पुन्हा उसळतात आणि अशा टप्प्याटप्प्याने हजारो किलोमीटर पार करतात. लंडन ते कोल्हापूर हे अंतर सात हजार किलोमीटरहून अधिक. ते ओलांडायला तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. बीबीसीने 19 डिसेंबर 1932 रोजी डॅव्हेंट्रीहून साम्राज्यासाठीचे प्रसारण सुरू केले ते याच लहरींवर.

पण हा थर स्थिर नसतो. सूर्यावर आणि दिवसाच्या वेळेवर तो बदलतो. त्यामुळे सकाळी एका मीटरबँडवर खणखणीत येणारे स्टेशन रात्री तिथे सापडत नाही. आवाज मध्येच चढतो, मध्येच बुडतो, शेजारच्या स्टेशनची शिट्टी घुसते. म्हणून तर शॉर्टवेव्ह ऐकणे हा छंद झाला. छपरावर तार ताणायची, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचे आणि काटा केसभर सरकवत राहायचे. ज्याला हे जमले त्याच्या घरी संध्याकाळी माणसे जमत. युद्ध सुरू झाले तेव्हा अखंड भारतात रेडिओचे परवाने एक लाखाच्या आसपास होते. एका संचामागे किती कान होते, हे परवान्यांवरून कळत नाही.

ऑर्वेल आणि मराठी बातमीपत्र

ऑगस्ट 1941 मध्ये एरिक ब्लेअर नावाचा लेखक बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये आला. जग त्याला जॉर्ज ऑर्वेल म्हणून ओळखते. भारतीय विभागाची सूत्रे झेड. ए. बुखारी यांच्याकडे होती. तेच पुढे पाकिस्तान रेडिओचे प्रमुख झाले. हिंदुस्तानी विभागात बलराज साहनी होते. वेणूताई ऑर्वेल यांच्या सहकारी, कामापुरत्या सचिवही. नुसती ‘ऑर्वेलची सचिव’ अशी त्यांची ओळख करून दिली जाते, ती मात्र अपुरी आहे. त्या स्वतः बोलत, वाचत, कार्यक्रमांत भाग घेत.

मराठी बातमीपत्राची रीत अशी होती. युद्धाच्या घडामोडींचा आठवड्याचा आढावा ऑर्वेल इंग्रजीत लिहीत. त्याचे मराठी करून ते हवेवर जाई. भाषांतर करणाऱ्यांत वेणूताई होत्या. प्रत्येक मजकुरावर दोन शिक्के लागत, एक सरकारी धोरणाच्या दृष्टीने तपासल्याचा, दुसरा युद्धाच्या गुपितांच्या दृष्टीने. पाणबुडी, रणगाडा, आघाडी यांचे रूप मराठीत ठरवायचे आणि शॉर्टवेव्हच्या खरखरीतूनही कळेल अशा छोट्या वाक्यांत बसवायचे. भाषांतरकाराचे हे काम कोणी मोजत नाही.

डिसेंबर 1942 मधले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. ‘व्हॉइस’ या कवितेच्या कार्यक्रमासाठी मंडळी जमली आहेत. टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, जमैकाच्या उना मार्सन, तंबिमुत्तू, नारायण मेनन बसलेले, मागे ऑर्वेल आणि विल्यम एम्पसन उभे. बसलेल्यांत एका टोकाला वेणू चितळे आहेत. ब्रिटिश श्रोत्यांसाठीच्या ‘द किचन फ्रंट’मध्येही त्या बोलल्या. रेशनच्या टंचाईत मांसाशिवाय जेवण कसे करायचे, हा इंग्रज गृहिणींपुढचा प्रश्न होता. आपल्या घरात त्याचे उत्तर रोजच शिजत असे.

मग पेच कुठे होता?

तारखा पाहिल्या की पेच कळतो. मार्च 1942 मध्ये मराठी प्रसारण सुरू झाले. त्याच महिन्यात क्रिप्स भारतात आले आणि एप्रिलमध्ये वाटाघाटी फिसकटल्या. ऑगस्टमध्ये चले जाव. गांधीजी, नेहरू आणि काँग्रेसचे सारे नेते तुरुंगात. शेजारच्या साताऱ्यात भूमिगत चळवळ पेटली. मुंबईत उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी 42.34 मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तो 12 नोव्हेंबरला पोलिसांनी पकडला. तिकडे जर्मनीतून सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ बोलत होता, मराठीतही. म्हणजे 1942 मध्ये रेडिओचा काटा फिरवणाऱ्या मराठी माणसासमोर एकाच रात्री परस्परविरोधी आवाज होते आणि त्यातला लंडनचा आवाज राज्यकर्त्यांचा होता.

वेणूताई त्या आवाजाच्या बाजूला बसल्या होत्या. आणि त्याच वेळी त्या कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगशी जोडलेल्या होत्या, जिचे कामच ब्रिटनमध्ये भारताच्या स्वातंत्र्याची मागणी लावून धरणे हे होते. याला दुटप्पीपणा म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. हिटलर जिंकला तर भारताचेही भले होणार नाही, असे मानणारे आणि तरीही इंग्रजांनी जावे म्हणणारे भारतीय तेव्हा लंडनमध्ये बरेच होते. मुल्कराज आनंद यांनी आधी बीबीसीला नकार दिला होता, नंतर ते आले. युद्ध कोल्हापूरपासूनही फार दूर नव्हते. 1943 पासून वळीवड्याच्या छावणीत हजारो पोलिश निर्वासित राहायला आले.

ऐकत कोण होते?

बीबीसीलाही हा प्रश्न पडला होता. 1942 मध्ये लॉरेन्स ब्रँडर यांना श्रोत्यांचा अंदाज घेण्यासाठी भारतात पाठवण्यात आले. त्यांचे निष्कर्ष उत्साह वाढवणारे नव्हते. ऑर्वेल यांनाही आपण रिकाम्या खोलीत बोलतो आहोत असे वाटू लागले आणि नोव्हेंबर 1943 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. वेणूताई राहिल्या.

नंतर काय झाले?

1947 च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि दिल्लीत फाळणीच्या निर्वासितांच्या छावण्यांत काम केले. 1950 मध्ये त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी मुंबईच्या हिंद किताब्सने काढली. पुण्यातल्या एका ब्राह्मण कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ती गोष्ट, प्रस्तावना मुल्कराज आनंद यांची. त्याच वर्षी गणेश खरे यांच्याशी विवाह झाला, नाव लीला खरे झाले आणि संसार थाटला. दुसरी कादंबरी, ‘इन्कॉग्निटो’, आली ती थेट 1993 मध्ये. मधल्या चार दशकांत रेडिओवरचा तो आवाज घरगुती झाला.

बीबीसीचे पहिले मराठी प्रसारण 25 डिसेंबर 1958 रोजी बंद पडले. ऑर्वेल यांची इंग्रजी बातमीपत्रे पुढे पुस्तकरूपाने छापली गेली. मराठी बातमीपत्रांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. 1 जानेवारी 1995 रोजी, वयाची 82 वर्षे पूर्ण होऊन चार दिवस झाले असताना, वेणूताईंचे निधन झाले.