ऑटोरिक्षाला परवानगी मिळवून देणारे नगरचे नवलमल फिरोदिया

हात केला की रिक्षा थांबते. तिच्यामागे अहमदनगरच्या (आजचं अहिल्यानगर) एका माणसाची खटपट आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं.

नवलमल फिरोदिया यांचा जन्म १९१० साली नगरमध्ये झाला. वडील कुंदनमल पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. नवलमल यांनी १९४२च्या आंदोलनात तुरुंगवास भोगला. माणसाने माणसाला ओढत न्यावं, हे या गांधीवादी तरुणाला सलत होतं. त्यावरचा उपाय त्यांना इटलीच्या तीनचाकी मालवाहू गाडीत दिसला.

पण नुसती गाडी आणून भागणार नव्हतं. १९३९च्या मोटार वाहन कायद्यानुसार भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीला नोंदणीशिवाय परमिटही लागे. म्हणून त्यांनी मुंबई राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांनाच गाठलं. मान्यता मिळाली आणि पुण्यात ऑटोरिक्षा धावू लागली. १९५८ मध्ये त्यांनी बजाज टेम्पो कंपनी उभी केली. १९९७ साली त्यांचं निधन झालं.

आज नगरच्या रस्त्यांवर एमएच-१६ पाटीच्या रिक्षा धावतात. नोंदणी, परमिट, फिटनेस हे सोपस्कार त्यांनाही चुकलेले नाहीत. ओढणाऱ्याच्या खांद्यावरचं ओझं मात्र इंजिनावर गेलं.