तोफा ओतणारा राजा : यशवंतराव होळकर

शाळेच्या पुस्तकात आपण १८१८ साल पाठ केलं. मराठेशाही बुडाली, इंग्रज आले, दोन मार्कांचा प्रश्न! पण ही पडझड सुरू झाली ती १८०२ साली, आणि तिची झळ थेट आपल्या खानदेशाला बसली. त्या गोष्टीचा नायक म्हणजे यशवंतराव होळकर.

जन्म १७७६, पुणे जिल्ह्यातील वाफगावचा. वडील तुकोजीराव १७९७ साली वारले आणि गादीचं भांडण पेटलं. त्याच वर्षी शिंद्यांच्या फौजेने पुण्यात भाऊ मल्हाररावांना ठार केलं. यशवंतराव नागपूरला पळाले, तर भोसल्यांनी कैदेत टाकलं. तिथूनही निसटले. ना पैसा, ना फौज! मग पठाण, पेंढारी आणि सातपुड्यातले भिल्ल यांना सोबत घेऊन त्यांनी नव्याने सैन्य उभं केलं.

१८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने भाऊ विठोजीला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. यशवंतराव खानदेशातून पुण्यावर चालून आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला पेशवे व शिंदे यांच्या फौजेला हरवलं. बाजीराव पळाला, आणि ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांशी तह करून बसला. घरच्या भांडणात परक्याला दार उघडून मिळालं, ते असं.

१८०३ मध्ये शिंदे-भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा यशवंतराव बाजूला राहिले. १८०४ मध्ये ते स्वतः उतरले तेव्हा मात्र एकटे पडले होते. तरी कर्नल मॉन्सनच्या फौजेला त्यांनी आग्र्यापर्यंत पळवलं, दिल्लीला वेढा घातला. शेवटी पंजाबात जाऊन डिसेंबर १८०५ मध्ये तह करावा लागला.

पण गडी स्वस्थ बसला नाही. भानपुऱ्याला तोफा ओतण्याचा कारखाना काढला आणि राजा असूनही स्वतः भट्टीजवळ राबला. आपल्यासारख्या इंजिनीअरिंगवाल्यांना हे विशेष वाटायला हवं! याच काळात त्यांचं मन बिघडलं आणि ऑक्टोबर १८११ मध्ये पस्तिशीच्या आतच ते गेले.

आता नाण्याची दुसरी बाजू. १८०२ ला होळकरांच्याच फौजांनी खानदेश लुटला. पिकं गेली, पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला, गावंच्या गावं ओस झाली. गावाची राखण करणारे जागले भिल्ल पोटासाठी डोंगरात गेले. कालचे राखणदार सरकारदरबारी लुटारू ठरले! १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने खानदेश इंग्रजांकडे गेला, आणि १८२५ साली त्यांनी याच भिल्लांची पलटण उभारली.

म्हणून यशवंतरावांचा पुतळा पाहताना मान जरूर झुकवा. पण अक्कलकुव्याहून समोर दिसणाऱ्या सातपुड्याकडेही एकदा बघा. त्या लढायांचा हिशेब या डोंगरातल्या माणसांनी चुकवलाय. इतिहास वाचायचा तर दोन्ही पानं वाचायची, नाही का?