बूल : हो, नाही आणि काहीच नाही

प्रोग्राममध्ये आपण रोज 'बूल' लिहितो. पण ते एका माणसाचं आडनाव आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल? माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा माझं मराठी जरा सांभाळून घ्या. माणूस मात्र खरंच भारी आहे.

जॉर्ज बूलचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ चा, इंग्लंडमधल्या लिंकन गावातला. वडील जोडे शिवायचे, पण त्यांचा जीव दुर्बिणी आणि गणितात. शेवटी धंदा बसला आणि सोळाव्या वर्षी घर चालवायची जबाबदारी जॉर्जवर आली. तो डॉनकास्टरला मास्तर झाला आणि एकोणिसाव्या वर्षी त्याने लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. ग्रीक, फ्रेंच, जर्मन आणि वरच्या दर्जाचं गणित तो आपलं आपणच शिकला. ना कॉलेज, ना डिग्री! तरी १८४४ साली त्याला रॉयल सोसायटीचं पदक मिळालं आणि १८४९ साली तो आयर्लंडमधल्या कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात गणिताचा प्रोफेसर झाला. त्याची बायको मेरी म्हणजे आपल्याकडच्या सर्वेक्षण खात्याचे प्रमुख असलेल्या जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. हो, तोच शिखरवाला एव्हरेस्ट!

१८५४ च्या ग्रंथात बूलने विचारांचंच बीजगणित मांडलं. त्याचा 'क्ष' म्हणजे आकडा नाही, वस्तूंचा गट. त्या गटातून पुन्हा तोच गट निवडला तर तोच हाती येतो, म्हणून क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. साध्या आकड्यांत हे फक्त ० आणि १ ला जमतं. त्याच्याकडे १ म्हणजे सगळं आणि ० म्हणजे काहीच नाही.

आता आपल्या कामाचं. 'गो' भाषेत तयार सेट नाही, म्हणून मॅपच वापरतात. की म्हणजे सभासद, पण व्हॅल्यूला टाइप कोणता द्यायचा? समजा, आज मेसला जेवणाऱ्यांची यादी करायची आहे. व्हॅल्यू बूल ठेवली तर तपासणं एकदम सोपं, कारण यादीत नसलेल्या नावाला आपोआप 'फॉल्स' येतं. पण कोणी सुट्टी टाकली आणि आपण नाव न काढता नुसतं फॉल्स केलं, तर? मॅपची लांबी त्यालाही मोजते आणि मावशी त्याच्याही पोळ्या लाटतात. म्हणजे हो, नाही आणि यादीतच नाही, अशा तीन अवस्था झाल्या. सेटला तर दोनच लागतात.

दुसरा पर्याय रिकाम्या स्ट्रक्टचा. त्याला ० बाइट लागतात, बूलला १. तपासताना 'सापडलं का' हे सांगणारी दुसरी व्हॅल्यू मागावी लागते, तेवढं टायपिंग जास्त. बरेच जण बाइट वाचतो म्हणून तो घेतात. माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. त्यात खोटं लिहायला जागाच नाही, नाव एक तर आहे किंवा नाही. जावाचा हॅशसेटसुद्धा आत हॅशमॅपच वापरतो आणि प्रत्येक कीला एकच नाममात्र ऑब्जेक्ट लावतो. छोट्या प्रोग्राममध्ये, जिथे आपण फक्त 'ट्रू'च टाकणार, तिथे बूल चालेल. पण जी यादी चार जण हाताळणार, तिथे मी रिकामा स्ट्रक्टच घेते.

नोव्हेंबर १८६४ मध्ये बूल भर पावसात चालत कॉलेजला गेला, ओल्या कपड्यांतच त्याने लेक्चर घेतलं आणि तो आजारी पडला. ८ डिसेंबरला तो गेला. वय अवघं ४९. पुढे १९३७ साली क्लॉड शॅननने एमआयटीतल्या आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात हेच बीजगणित रिलेच्या सर्किटांना लावून दाखवलं. आपण लॅबमध्ये गेट्स जोडतो ती त्याचीच पुढची पायरी. बूलने स्वतः एकही सर्किट जोडलं नव्हतं. 'आहे' आणि 'नाही' यांचा हिशोब मात्र त्याने चोख करून ठेवला होता, आपण निदान त्यात तिसरं काही घुसवू नये!